अर्ध्या पत्रिकेची पावती

आई, तुझ्या स्वयंपाकघरात बसले आहे. ओटा तोच आहे, पण त्यावर आता कुणी चाळीस माणसांच्या भाकरी थापत नाही. अण्णा स्वतःपुरता चहा आणि डाळभात करतात, आणि मी आले की मला हात लावू देत नाहीत. म्हणतात, "तू पावणी, बस गप." घरूनच काम करते असं ऑफिसात सांगून आठ दिवसांसाठी अवसरीला आले आहे. मागच्या आठवड्यात कामातली एक मोठी गोष्ट मार्गी लागली आणि ती तुला सांगावी असं इतकं वाटलं की वही घेऊनच बसले. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, इतक्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही. आता लिहायला बसले तर पहिली अडचण हीच की मी नक्की काय काम करते हे तुला कधी नीट सांगितलंच नव्हतं. मला पहिली नोकरी लागली तेव्हा तू शेजारच्या काकींना म्हणाली होतीस, "कंप्युटरमदी कायतरी कोडी घालती आन् सोडवती, त्याचं पैसं देत्यात तिला." त्याहून बरी व्याख्या मला आजही सुचलेली नाही.

पण या कामाची सुरुवात पुण्यातल्या ऑफिसात झाली नाही, इथे झाली. गावात इंजिनिअरिंगचं कॉलेज आलं आणि वर्षभरात तू मेस काढलीस. अण्णांना वाटलं दोन महिन्यांत हौस फिटेल. सकाळी मटकीची उसळ, संध्याकाळी एक भाजी, आमटी, भाकरी आणि रविवारी मासवडी. मासवडीचं सारण तू दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाहीस. नांदेड-लातूरकडची पोरं आधी नावाला बिचकायची, "मावशी, आम्ही मास नाही खात," आणि तू पदर तोंडाला लावून हसायचीस. बेसन आहे हे कळल्यावर तीच पोरं रविवारी दुपारी साडेअकरालाच येऊन ताटं वाजवायची. मीही त्याच कॉलेजात कंप्युटरला होते, त्यामुळे माझे सगळे वर्गमित्र आमच्याच पडवीत जेवायचे. मला त्याचा अभिमान होता आणि थोडी लाजही वाटायची. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे तेव्हा कळत नव्हतं.

महिन्याचे पैसे भरले याची पावती म्हणून तू काय द्यायचीस ते मी ऑफिसात कितीदा सांगितलं असेल, लोकांना वाटतं मी रचून सांगते. तुला सही यायची, सावकाश वाचताही यायचं, पण लिहायचा कंटाळा. आणि घरात लग्नपत्रिकांचा ढीग. आपल्याकडे आसपासच्या बारा गावांतल्या पत्रिका येतात, जाडजूड, सोनेरी गणपतीच्या. त्या टाकून द्यायला तुझा जीव होत नव्हता. पोरगं पैसे घेऊन आलं की तू एक पत्रिका उचलायचीस, मधोमध फाडायचीस, अर्धी त्याच्या हातात, अर्धी आपल्याकडे, ती भिंतीवरच्या बिलं खोचायच्या तारेत. तू नसलीस, कुणाच्या लग्नाला गेलीस, तर वाढायला आलेल्या बाईला ती अर्धी दाखवायची. तिनं तारेतल्या अर्धीशी कडा जुळवून पाहिल्या, की काम झालं. महिना संपला की दोन्ही अर्ध्या बंबात. त्या तुकड्यावर ना पोराचं नाव, ना भरल्याची तारीख, ना आकडा. त्यातून एवढंच कळायचं की या माणसाचं पोचलंय.

आणखी एक होतं, ते मला फार उशिरा समजलं. तू पत्रिका आधी फाडायचीस. पैसे हातात यायच्या आधी. त्याची अर्धी त्याच्या तळहातावर ठेवायचीस आणि मग आपला हात पुढे करायचीस. मी एकदा विचारलं, की तो अर्धी घेऊन पळाला तर? तू कांदा चिरत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "पळू दे की. माझी आर्धी तारंत खोचल्याबिगर त्याच्या तुकड्याला काय किंमत? पण आधी पैसं घेतलं आन् मंग म्या फाडायला इसरले, तर ते पोरगं काय करंल? हातात पैसं आलं की मानूस इसरतो बाई." मी तेव्हा हसले. आई, याच एका वाक्यावर पुढे मला पगार मिळणार होता.

तुला फसवायचा प्रयत्न एकदाच झाला. दुसऱ्या वर्षाच्या एका बहाद्दरानं पाहिलं, की एकच पत्रिका गावात घरोघर गेलेली असते. त्यानं आपल्या खोलीमालकाकडून तीच पत्रिका मिळवली, तुझ्यासारखीच मधोमध फाडली आणि ऐटीत ताटावर बसला. तू त्याचा तुकडा घेतलास, तारेतल्या प्रत्येक अर्धीला लावून पाहिलास, अगदी शांतपणे, सगळी पोरं जेवण थांबवून बघत होती. मग म्हणालीस, "नवरा-नवरी तीच हायेत रं बाबा, पण फाटताना कागद परत्येक येळी येगळी वाट धरतो." त्याला जेवू घातलंस आणि नंतर पायलीभर लसूण सोलायला बसवलंस. त्यानं दुसऱ्या दिवशी पैसे आणून दिले आणि वर्ष संपेपर्यंत त्याच्या बोटांना लसणाचा वास येतो असं पोरं म्हणत राहिली.

तर आता माझं काम ऐक. लोक आता फोनवरून पैसे देतात, हे तू पाहिलं नाहीस. मी ज्या डिजिटल चलनावर काम करते त्यात व्यवहाराची खूण हजारो कंप्युटरवरच्या एका सामायिक वहीत पडते, पण रक्कम आणि माणसं झाकलेली असतात. कुणी कुणाला किती दिले ते तिसऱ्याला दिसत नाही. चांगलंच आहे ते. पण मग घेणारा उद्या म्हणाला, "मला काही मिळालंच नाही," तर देणाऱ्यानं काय दाखवायचं? वही उघडून बोट ठेवायची सोय नाही, सगळंच झाकलेलं. पैसे पोचल्याचा असा पुरावा बनवायचा, की तो गणितानं खरा ठरेल, घेणाऱ्याला नाकारता येणार नाही, आणि तो कुणाला दाखवायचा हे देणाऱ्याच्या हातात राहील. हे माझं कोडं. दीड महिना मी त्यावर अडले होते. मी घेणाऱ्याची डिजिटल सही पैसे पोचल्यानंतर घेत होते, आणि प्रत्येक वेळी गाडं तिथेच रुतायचं. पैसे मिळाल्यावर तो सही कशाला करेल? आणि एक दिवस सकाळी दात घासताना तू आठवलीस, तळहातावर तुकडा ठेवून मग हात पुढे करणारी. मी तोंडातल्या फेसासकट खुर्चीवर जाऊन बसले. आता घेणारा आधी सही करतो, पैसे नंतर सुटतात. त्या सहीला एकटीला काही किंमत नाही. सामायिक वहीत त्या व्यवहाराची खूण पडली, की दोन्हींच्या कडा जुळतात आणि पुरावा उभा राहतो.

तुझ्या पद्धतीत एक भोक होतं, तेही सांगते, रागावू नकोस. तार तुझ्याच घरात होती. तू मनात आणलं असतंस तर कुणाचीही अर्धी बंबात घालून मोकळी झाली असतीस. तू तसली नव्हतीस म्हणून ते चाललं. आमची तार एकाच वेळी हजारो घरांत टांगलेली आहे, एकानं काढली तरी बाकीच्यांत राहतेच. आम्हाला प्रत्येक माणूस लबाड आहे असं धरून चालावं लागतं. दिवसभर असा विचार करून संध्याकाळी माणसांवर विश्वास ठेवायचा, हे मला बऱ्यापैकी जमतं. ते तुझ्याकडून आलं असावं.

परवा अण्णांना घेऊन मंचरला गेले होते, त्यांच्या चष्म्यासाठी. चौकात चहा प्यायलो. आता प्रत्येक टपरीवर एक डबी असते, पैसे आले की ती मोठ्यानं हिंदीत रक्कम पुकारते. शेजारी एक बाई लेकराला घेऊन उभी होती, तिनं बिस्किटाचा सगळ्यात छोटा पुडा घेतला आणि डबीनं सगळ्या चौकाला सांगितलं, "पाँच रुपये प्राप्त हुए." बाईनं उगीच पदर सारखा केला. अण्णा माझ्याकडे झुकून म्हणाले, "आता हे गावाला कशाला सांगतंय राव?" तू असतीस तर ती डबी विहिरीत गेली असती. मला मात्र ती ऐकून दुसरंच आठवलं, आणि ते लिहिल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

तिसऱ्या वर्षाला होते मी. जुन्नरकडच्या डिंगोऱ्याची माझी वर्गमैत्रीण तुझ्याकडे जेवायची. उंच, कमी बोलणारी, गणितात वर्गात पहिली. तिचं आणि तुझं काय ठरलं होतं ते तुम्हा दोघींनाच माहीत. ती महिन्याला थोडे पैसे द्यायची आणि गावाहून येताना त्यांच्या खाचरातला तांदूळ पिशवीत घालून आणायची. बाकीच्यांसारखीच तिलाही अर्धी पत्रिका मिळायची, आणि ती बाकीच्यांसारखीच ताटावर बसायची, "मावशी, आमटी" म्हणून वाटी पुढे करायची. मी तेव्हा नुकतीच एक्सेल शिकले होते. तुझी तार आणि तुझ्या पत्रिका बघून मला वाटायचं, काय हा अडाणी कारभार. एका रविवारी मी सगळी यादी कंप्युटरवर तयार केली, नाव, खोली, भरलेली रक्कम, कॉलेजच्या प्रिंटरवर छापली आणि पडवीत पाण्याच्या पिंपावर चिकटवली. तू पाहावंस, खूश व्हावंस म्हणून.

संध्याकाळी पोरं पाणी प्यायला पिंपाशी जात होती आणि वाचत होती. तिच्या नावापुढचा आकडा सगळ्यांच्या चौथाईहूनही कमी. तांदळाचा रकाना मी केलाच नव्हता. कुणीतरी म्हणालं, "आयला, हिला मावशीचा डिस्काउंट हाय!" त्यात फारसं वाईट नव्हतं, चेष्टाच होती. ती ताटावरून उठली, ताट घासून जागेवर ठेवलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिच्या खोलीतल्या मुलीकडून कळलं की ती पावावर राहते आहे आणि म्हणते, हे वर्षच सोडून घरी जाते.

तू यादी पिंपावरून काढलीस ती ओलीच होती, हातात लगदा झाला. मला आत बोलावलंस. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू तवा उतरवून ठेवलास आणि म्हणालीस, "पैसं पोचलं का? पोचलं. ठरल्यालं पोचलं का? ठरल्यालं पोचलं. मंग आकडा बाकीच्यास्नी कशापायी? ह्यो काय लग्नातला आहेर हाय व्हय, माइकवर पुकारायला?" मी रडायला लागले. म्हणाले, मला माहीतच नव्हतं तिचं तसं ठरलंय ते, मी चांगल्यासाठी केलं. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग पदरानं माझं नाक पुसलंस, मी एकोणीस वर्षांची. "आसू दे. शिकल्याली मानसं बी चुकत्यात," असं म्हणालीस आणि डबा भरायला घेतलास.

मला तो डबा धरायला लावलास आणि आपण दोघी तिच्या खोलीवर गेलो. मी जिन्यात थांबले. तिनं दार थोडंसंच उघडलं, "मावशी, मला भूक नाय." तू दारातच बसलीस, पायरीवर, पाय पसरून, जसं काही अंगतपंगतीलाच आलीस. म्हणालीस, "हे बघ, तू काय माझ्यावर उपकार म्हनून जेवत न्हाईस, आन् म्या बी उपकार म्हनून वाढत न्हाई. आपलं ठरलं व्हतं. तुला मोडायचं आसंल तर सांग, म्या माझा तुकडा तारंवरनं काढून तुला देते, तू तुझा दे, फिटलं. पण ठरल्यालं मोडायला कारन लागतं, आन् एका कागदाचं कारन म्या मानत न्हाई." दार आणखी थोडं उघडलं. मग ती म्हणाली, "आज काय केलंय?" तू म्हणालीस, "वांगं. तुला आवडत न्हाई ते." आणि ती हसली, मी जिन्यातून ऐकलं. चौथ्या दिवशी ती पुन्हा ताटावर होती. ज्यानं डिस्काउंट म्हटलं होतं त्याला तू एवढंच सांगितलंस, "तिचं पोचलंय." त्या दोन शब्दांच्या पुढे कुणी काही विचारलं नाही.

मी कामात कशावर भांडले ते आता तुला कळेल. सही आधी घ्यायची हे सगळ्यांना पटलं. पण पुराव्यात रक्कम उघडी असावी, असं आमच्या वरिष्ठांचं म्हणणं होतं. भला माणूस आहे, मीटिंगमध्ये चिडत नाही, फक्त पेन टेबलावर आपटतो. "ज्या पावतीवर रक्कम नाही ती पावती कसली?" मी म्हणाले, ठरलं होतं तेवढं पोचलं, हे दाखवणारी. दोन झाकलेली पातेली तराजूत ठेवली आणि काटा मधे आला तर झाकण न काढताही कळतं की दोन्हीत सारखंच आहे. गणितात तसं करता येतं. ठरलेला आकडा दोघं मिळून आधी झाकून ठेवतात, पोचलेला आकडाही झाकलेलाच असतो, आणि दोन्ही एकच आहेत हे सिद्ध होतं. आकडा उघडायचा का, कुणासमोर, हे ज्याचं त्यानं ठरवावं. कुणी कमी देत असेल, कुणाचं काही वेगळं ठरलं असेल, कुणी निम्मं पैशात आणि निम्मं आणखी कशात देत असेल. तो म्हणाला, असे लोक किती असणार? मी म्हणाले, एक असला तरी पुरे. माझा आवाज जरा चढला असावा, कारण वरिष्ठांनी पेन खाली ठेवलं. तीन आठवडे आम्ही त्यावर घासाघीस केली. मी एकेक पायरी पुन्हा पुन्हा तपासली, बाहेरच्या दोन गणितज्ञांनी ती फोडायचा प्रयत्न केला, फुटली नाही. मागच्या आठवड्यात मान्य झालं. रक्कम झाकलेली राहील, उघडायची तर देणाऱ्याच्या इच्छेनं. वरिष्ठांनी पेन खिशात घातलं आणि म्हणाले, हे सुचलं कुठून तुला? मी म्हणाले, आईकडून. सगळे हसले, मीही हसले.

त्या दिवसापासून मी फार समाधानात आहे, आई. झोप चांगली लागते आहे. काल अण्णांना चहा पिताना सगळं समजावून सांगितलं, कागदावर चौकोन काढून. ते ऐकून म्हणाले, "म्हंजी तुझ्या आयची पत्रिकाच की ही. मंग एवढी साळा कशाला शिकलीस?" आणि मग डोळे पुसायला चष्मा काढला, नवा, अजून सवय नाही झालेली. मी सुखी आहे हे तुला सांगायचं होतं, ते सांगून झालं. पत्र इथे थांबवता आलं असतं.

पण त्या दिवशी चुलीपुढे मी जे म्हणाले, मला माहीत नव्हतं, ते खोटं होतं. तांदळाची पिशवी तुझ्या हातात देताना मी तिला दोनदा पाहिलं होतं, तुमचं काय ठरलंय याचा अंदाज मला पुरता होता. त्याच आठवड्यात गणिताच्या सरांनी वर्गात तिची वही सगळ्यांना दाखवली होती, माझी नाही. तिच्या नावापुढे तो आकडा टाइप करताना माझं बोट थांबलं होतं. थोडाच वेळ, पण थांबलं होतं. मग मी पुढच्या ओळीवर गेले. तू माझं नाक पुसलंस तेव्हा मी गप्प राहिले, तू गेलीस तेव्हाही गप्प होते, आणि मीटिंगमध्ये 'एक असला तरी पुरे' म्हणताना तर मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

ती आता जुन्नरला शाळेत गणित शिकवते. दिवाळीला आम्ही एकमेकींना शुभेच्छा पाठवतो. तिचा नंबर माझ्याकडे आहे. हे पत्र तिला लिहायचं होतं, आई. तुला लिहिलं, कारण तू उत्तर देणार नाहीस.